ढोलकी वाजवली म्हणून पोराला प्रभुभोजनापासून दूर ठेवणाऱ्या पाळकांना जाहीर सवाल

मित्रहो, पोस्ट लांब आहे. अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढी विनंती.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा सीझन सुरू होतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात, मंडई आणि शंकरपटाच्या रात्री पहाटेपर्यंत रंगतात. आणि या सीझनमध्ये माझ्या कानावर दरवर्षी एक तक्रार येते. गाव बदलते, तक्रार तीच. ख्रिस्ती घरातला पोट्टा नाटकात ढोलकी वाजवतो, नाहीतर गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी धरतो. मग पाळक सांगतात, "हे अन्यधर्मी आहे. सोड, नाहीतर प्रभुभोजनाला पुढे येऊ नको."

यंदाचा पोट्टा गडचिरोली जिल्ह्यातला आहे. गोंड, आजोबांपासून ख्रिस्ती. नाव आणि गाव टाकत नाही, त्याला उद्या त्याच गावात राहायचं आहे. रविवारी चर्चमध्ये तोच वाजवतो, बाकीच्या रात्री नाटकात. नाटकाच्या पैशावर घरचा किराणा येतो. त्याची माय मला म्हणाली, "भाऊ, त्याच्या हातात ताल देवानंच देला ना? मंग चर्चमंधी वाजवला त पुण्य, अन् मंडपात वाजवला त पाप, असं कसं होते?"

मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढलो, म्हणून या माउलीचा प्रश्न मी पाळकसाहेबांपुढे ठेवतो. स्पष्टच ठेवतो.

पहिली गोष्ट. साहेब, "परकं" म्हणजे नेमकं काय? तुमच्या मंडळीत कीबोर्ड आहे, गिटार आहे, ड्रमसेट आहे. बायबलात यातलं एकही नाही. नाताळाचं झाड जर्मनीतून जगभर गेलं. तुमच्या गळ्यातला टाय युरोपचा. घरची पोरं मोबाईलवर कोरियन नाच शिकतात, त्याला कोणी अडवत नाही. म्हणजे सातासमुद्रापलीकडचं सगळं चालतं, फक्त वैनगंगेच्या काठचं चालत नाही! उलट्या बाजूनंही बघा. हार्मोनियम युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय आपल्याकडचं भजन उभं राहत नाही. विठ्ठलाच्या देवळात पेटीला कोणी तिचा धर्म विचारला नाही.

दुसरी गोष्ट. हा प्रश्न आपल्याच लोकांनी कधीचा सोडवून ठेवला आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेत नारायण वामन टिळकांना एका युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला. ती गाडी आपल्याच मुलखातून गेली. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर त्यांनी काय केलं? अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. आज तुम्ही रविवारी उपासना संगीत उघडता, त्यातली कितीतरी गीतं टिळकांची आहेत. टिळकांचा अभंग गायचा आणि अभंगासोबतच्या मृदंगाला परका म्हणायचं, हा हिशेब मला जमत नाही.

त्याच्याही आधी जा. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्यानं ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. पुराण हा शब्दही त्याला परका वाटला नाही. त्याच गोव्यात पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशनचा हुकूम निघाला: ख्रिस्ती माणसानं धोतर नेसू नये, बाईनं चोळी घालू नये, दारी तुळस लावू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत. दोन्ही मार्ग आपल्या समोर आहेत. स्टीफन्सचं नाव आजही मराठीत आदरानं घेतात. त्या हुकुमाचं नाव कोण आदरानं घेतो?

कॅथलिकांचं उदाहरण नको म्हणाल, तर टिळक प्रोटेस्टंटच होते. आणि कॅथलिकांचंच बघायचं तर बल्लारपूरला या. चांदा धर्मप्रांत केरळच्या सिरो-मलबार चर्चचा. केरळात ख्रिस्ती घरं ओणमला जेवणावळी घालतात. त्यांचा मार्गमकळी नाच दिव्याभोवती फेर धरून होतो आणि त्यात गोष्ट असते संत थॉमसची. मल्याळी ख्रिस्त्याचा फेर चालतो, मग गोंड ख्रिस्त्याचा रेला का चालत नाही?

आता पाळकांची बाजू. ती पोकळ नाही, हे मान्य केलंच पाहिजे. नाटकाआधी पूजा होते, नारळ फुटतो. रेला म्हणजे फक्त पायांचा व्यायाम नाही, त्यातली काही गाणी देवाची, पेनाची असतात. मंडपाच्या मागे दारूही असते. नव्यानं विश्वासात आलेल्या माणसाचं मन डळमळेल, ही भीती खरी आहे.

पण या भीतीचं उत्तर पौलानं करिंथकरांना लिहूनच ठेवलं आहे. तेव्हाही हाच वाद होता, फक्त ढोलकीऐवजी मांस होतं. बाजारात मिळणारं मांस मूर्तीपुढचं की काय, अशी चौकशी करत बसू नका, खा, असा त्याचा सल्ला. मात्र कोणी समोर येऊन सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर त्या माणसाच्या मनासाठी थांबा. म्हणजे रेघ आहे, पण ती मांसावर नाही, उपासनेवर आहे. आपल्या गावात हीच रेघ अशी ओढता येते: पूजेच्या वेळी पोट्टा बाजूला उभा राहील, नारळ फोडणार नाही, आणि पडदा उघडला की ढोलकीवर बसेल. माझ्या माहितीतले कितीतरी ख्रिस्ती आणि मुसलमान कलाकार वर्षानुवर्षं हेच करतात. कंपनीच्या मालकाला त्याचं काही वाटत नाही. दारूचं म्हणाल तर दारू सोड म्हणा, मी तुमच्या सोबत आहे. पण दारूच्या नावावर ढोलकी का फोडता?

आणि एक विसंगती. बाहेरचे पाहुणे आले की हेच रेला नृत्य तुमच्या स्टेजवर असते. पोरींना पिवळ्या साड्या, पोरांना मोरपिसं, पाहुण्यांचा फोटो. पाहुणे गेले की तोच नाच सैतानाचा. गोंड माणसाचा नाच त्याच्या घरी पाप आणि तुमच्या स्वागतात शोभा, हे त्या माणसाला दिसत नाही असं समजू नका.

आता सगळ्यात गंभीर भाग. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत डिलिस्टिंगची मागणी जोर धरून आहे. म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासीला अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा. कायदा आज काय म्हणतो? अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात नाही. २००४ मध्ये केरळच्या चंद्रमोहनन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसता धर्म बदलला म्हणून जमात जात नाही. पण त्याच निकालात हेही आहे की माणूस जमातीच्या चालीरीती पाळतो की नाही, हे पुराव्यावर तपासावं लागेल. प्रमाणपत्राच्या पडताळणीत ॲफिनिटी टेस्ट म्हणतात ती हीच. मार्च २०२३ मध्ये न्यायालयानं ती एकमेव कसोटी नाही असं स्पष्ट केलं, तरी प्रश्न विचारले जातातच.

आता त्या पोट्ट्याला तिथे उभा करा. एकजण त्याला म्हणतो, "तू ढोल वाजवत नाहीस, रेला नाचत नाहीस, तू आदिवासी कसला?" आणि ढोल सोडायला कोणी लावला? आपल्याच पाळकानं. साहेब, तुम्ही विश्वास राखता आहात असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही त्या पोराची नोकरी, शिष्यवृत्ती आणि जमीन विरोधकांच्या ताटात वाढून देता आहात.

डिलिस्टिंगवाल्या मित्रांनाही सांगतो, या पोस्टचे स्क्रीनशॉट काढून नाचू नका. तुमचं आणि या पाळकांचं म्हणणं एकच आहे: ख्रिस्ती झाला की गोंड संपला. फक्त ते हे चर्चमधून सांगतात, तुम्ही मोर्चातून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. ज्या माणसानं आयुष्यभर मराठीत लिहिलं, त्याला हा प्रश्न! मराठी, ढोलकी, रेला यांचा सातबारा कोणत्याही एका धर्माच्या नावावर नाही.

माझी मागणी साधी आहे. ज्या पोरांना कलेपायी प्रभुभोजनापासून थांबवलं आहे, त्यांना या नाताळाआधी परत बोलवा. नाटक, भजन, नाच यांत कुठे बसायचं आणि कुठे बाजूला उभं राहायचं, हे मंडळीत बसून, पोरांना आणि गावच्या जुन्या माणसांना विचारून ठरवा. एकट्यानं व्यासपीठावरून फतवा काढू नका. आणि नाताळाच्या संध्याकाळी कीबोर्डच्या शेजारी त्या पोराचा ढोल ठेवा.

कोणत्या पाळकाला उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, जसंच्या तसं याच भिंतीवर टाकेन. शिव्या मात्र डिलीट होतील.