बोटीवरची पंगत आणि बाळाचं ताट

मुंबईत बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं २० सप्टेंबर २०२५ रोजी उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी सामावून घेण्याची त्याची क्षमता आहे. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायचं ठरवलं. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरी तर त्याआधीच सुरू झाल्या होत्या. म्हणजे क्रूझ ही आता फक्त सिनेमात बघायची गोष्ट राहिलेली नाही. तालुक्याच्या गावांतूनही लोक भिशीचे पैसे साठवून, चार कुटुंबं मिळून जातात. सिंगापूरच्या टूरमध्ये तर क्रूझच्या दोन रात्री हमखास असतात.

जाहिरातीत पोहण्याचा तलाव दिसतो, नाच-गाणी दिसतात आणि लांबच लांब मांडलेला बुफे दिसतो. पण मैत्रिणींनो, ज्या घरात शेंगदाणा, दूध किंवा अंडं जिवावर बेतेल असं तीन-चार वर्षांचं मूल आहे, त्या घरातल्या आईची नजर त्या बुफेवरच अडकते. तिथे स्वयंपाक कशात करतात? एकाच झाऱ्याने सगळं तळतात का? हे विचारलं की घरातलेच म्हणतात, ‘एवढ्याशाने काय होतंय? आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं.’

म्हणून आधी हे स्पष्ट करायला हवं. न पचणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. न पचलं तर पोट बिघडतं, त्रास होतो. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा त्या पदार्थालाच शत्रू समजून हल्ला करते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. तीव्र असेल तर घसा आवळतो, छातीत घरघर होते, मूल एकदम मलूल पडतं. हे काही मिनिटांत होऊ शकतं आणि त्याला चिमूटभर कूटसुद्धा पुरतं. ‘थोडं थोडं देऊन सवय लावू’ हा प्रयोग घरी करायचा नसतो, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

गावात असं काही झालं तर रिक्षा करून दवाखाना गाठता येतो. समुद्रात तो मार्ग नाही. मोठ्या क्रूझवर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण लहान मुलांचा अतिदक्षता विभाग नसतो. लक्षद्वीपच्या बेटांवरून तर गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर साधा मोबाइलही लागत नाही. पूर्वी कोकणातली माणसं मुंबईच्या बोटीत बसायची, तेव्हा भाकरी-चटणीचं फडकं सोबत असायचं. मुलाच्या तोंडात काय जातंय ते आईला माहीत असायचं. क्रूझवर दिवसातून चार-पाच वेळा मूल परक्या हातचं खातं. मुलांच्या खेळघरात कुणी लाडाने बिस्किट देतं, शेजारच्या टेबलावरची आजी चॉकलेट पुढे करते.

मग अशी सोय करणं कंपन्यांना अशक्य आहे का? मला तसं मुळीच वाटत नाही. आपल्या देशातल्या स्वयंपाकघरांना पथ्य पाळायची सवय जगात कुणाहीपेक्षा जास्त आहे. भारतीय प्रवाशांच्या क्रूझवर जैन जेवणाची वेगळी व्यवस्था असते. कांदा-लसूण वर्ज्य म्हटलं की पातेली वेगळी, डाव वेगळा, कुणी वाद घालत नाही. उपवास आहे म्हटलं की यजमानीण धावपळ करून दुसरं काही मांडते. श्रद्धेचं पथ्य आपण निमूट पाळतो. मात्र मुलाच्या जिवाचं पथ्य सांगितलं, की तो आईचा नखरा ठरतो.

आणखी एक गफलत इथे होते. ‘शुद्ध शाकाहारी’ किंवा ‘जैन’ म्हटलं की जेवण सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. पण जैन भाजीच्या रश्शात काजूचं वाटण असू शकतं, पनीरमध्ये दूध असतंच. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी सगळ्यात धोक्याची थाळी कुठली, तर आपली उपासाची! खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, वर लाडूही दाण्याचाच.

कायदा काय म्हणतो? भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर ॲलर्जीकारक घटक ठळक सांगावे लागतात. त्या यादीत गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आणि काजू-बदाम, सोयाबीन यांचा समावेश केला गेला. तीळ मात्र त्यात नव्हता. संक्रांतीला घरोघर तीळ खाणाऱ्या समाजासाठी हे नवलच. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळही सांगावा लागतो. म्हणून तिळाची ॲलर्जी असेल तर पाकिटावर ठळक सूचना शोधून थांबू नका, घटकांची सगळी यादी वाचा. हॉटेलांच्या बाबतीत २०२२ पासून मेन्यूवर ही माहिती देण्याचं बंधन आलं, पण ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना. आपल्या गावातली खानावळ, लग्नाचा आचारी यात बसत नाहीत.

कायदे आपोआप होत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१६ साली नताशा एडनन-लपरूज ही पंधरा वर्षांची मुलगी लंडनहून विमानाने नीसला निघाली होती. विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. विमानात तिला त्रास सुरू झाला. वडिलांनी जवळची दोन्ही इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिथे दुकानातच बांधून विकायला ठेवलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहिणं सक्तीचं झालं. तो कायदा ‘नताशाचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. विमान काय आणि बोट काय, मध्येच उतरता येत नाही.

याचा अर्थ घरीच बसायचं असा नाही. तयारी करून जायचं. बुकिंग करतानाच ॲलर्जी लेखी कळवावी आणि उत्तरही लेखी मागावं. ‘सांगितलंय मी त्यांना’ हे टूरवाल्याचं तोंडी आश्वासन स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. पहिल्याच दिवशी मुख्य वेटरला भेटावं. पुष्कळ क्रूझवर आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं जेवण सांगून ठेवता येतं. बुफेपेक्षा टेबलावर वाढतात ते भोजनगृह बरं, कारण बुफेत एका भांड्यातला चमचा दुसऱ्यात जातो. मुलाला काय चालत नाही, ते मराठी-हिंदीबरोबर इंग्रजीतही कार्डावर लिहून घ्यावं. खेळघरातल्या ताईलाही एक कार्ड द्यावं. घरचं शिजवलेलं अन्न बहुधा नेऊ देत नाहीत, पण लहान मुलांची पाकीटबंद खाद्यं चालतील का, हे आधी विचारावं.

सगळ्यात महत्त्वाचं औषध. तीव्र ॲलर्जीवर पहिला इलाज म्हणजे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, वेळ न दवडता. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप गांधी कमी करतं, पण बंद होणारा श्वास उघडत नाही. परदेशात यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, पण ॲड्रेनलिन हे औषध जुनं आणि स्वस्त आहे. तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना भेटून सोबत काय न्यायचं, मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. इंजेक्शन भरायला आणि द्यायला त्यांच्यासमोर शिका, आणि हे एकट्या आईने नव्हे, वडिलांनीही. त्रास थांबला तरी काही तासांनी तो परत उलटू शकतो, म्हणून बोटीवरच्या डॉक्टरला दाखवायचंच.

आमच्या महिला मंडळात हा विषय काढला, तेव्हा एक सासूबाई म्हणाल्या, ‘जायचंच कशाला मग?’ प्रश्न रास्त वाटतो, पण त्याचं ओझं नेहमी एकाच माणसावर पडतं. मूल आजारी, म्हणून सहल रद्द, आणि सहल बिघडली ती हिच्यामुळे! टर्मिनलसाठी, धक्क्यांसाठी सरकार मोठा खर्च करतं. त्याच धोरणात प्रत्येक क्रूझच्या स्वयंपाकघरात ॲलर्जीची नोंदवही, वेगळी भांडी, प्रशिक्षित माणूस आणि बोटीवर लहान मुलांच्या मात्रेचं ॲड्रेनलिन सक्तीचं करायला किती खर्च येणार आहे? सुटीचं बुकिंग करताना आपण बाल्कनीची खोली मिळेल का, हे आवर्जून विचारतो. त्याच फोनवर हे चार प्रश्नही विचारूया, ज्यांच्या घरी अशी मुलं नाहीत त्यांनीसुद्धा. शंभर घरांनी विचारलं, तर एकट्या आईला नखरेल ठरवणं कंपन्यांनाही जड जाईल.