गाडी चकाचक, तरी वय कळतंच! नव्या आणि जपलेल्या जुन्या गाडीत फरक कशामुळे दिसतो?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक मागच्या आठवड्यात शोरूममधून आलेली, बॉनेटवरचा हार अजून सुकायचाय. दुसरी २०१३ ची, पण मालकाने तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. रोज पुसलेली, डेंट नाही, दरवर्षी पॉलिश. तरीही क्रिकेट खेळणारं एखादं पोरगंसुद्धा लांबून बोट दाखवून सांगतं, "नवी ती!"

रंग शाबूत, पत्रा शाबूत, मग त्या पोराला कळलं कसं?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण सध्या तो खिशाशी जोडलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. नवी गाडी घेताना घरातली जुनी गाडी बहुतेक वेळा एक्स्चेंजमध्ये जाते, घासूनपुसून पुन्हा विक्रीला उभी राहते आणि पहिल्यांदा गाडी घेणारं दुसरं एखादं कुटुंब ती "अगदी नव्यासारखी" म्हणून घेतं. म्हणूनच "नव्यासारखी" म्हणजे नेमकी कशी, हे माहीत असलेलं बरं.

रोज पुसल्याने गाडी जुनी दिसते?

सुरुवात रंगापासून करूया. कारखान्यात गाडीला रंग लागतो तेव्हा ती फक्त पत्र्याचा सांगाडा असते. हा सांगाडा आधी गंजरोधक द्रावणाच्या टाकीत बुडवला जातो. मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. केसाची जाडी आठवा, दोनेक केस एकावर एक ठेवले की झाला तुमच्या गाडीचा रंग!

आपण ज्याला चमक म्हणतो, ती या वरच्या पारदर्शक थराची असते. सकाळी एका बादलीत आणि एकाच फडक्याने पाच गाड्या पुसल्या जातात, तेव्हा फडक्यातली धूळ याच थरावर घासली जाते. वर्षानुवर्षं असं झालं की तिरक्या उन्हात बॉनेटवर जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसू लागतात. म्हणजे माया करणाराच नकळत ओरखडे पाडतो.

पॉलिश केल्यावर ते ओरखडे जातात, पण ओरखड्यांसोबत क्लिअर कोटचाही थोडा भाग घासून निघतो. त्यामुळे पॉलिशला मर्यादा आहेत.

मग पूर्ण गाडी पुन्हा रंगवली तर? तरीही जाणकाराला कळतं. कारखान्यात रिकामा सांगाडा भट्टीत साधारण १४० अंशांना भाजला जातो. गॅरेजमधल्या गाडीत वायरिंग, सीट आणि प्लास्टिक असतं, त्यामुळे तिला इतकी उष्णता देता येत नाही. रंग बदलतो, पण पोत तसाच येत नाही. एखादाच दरवाजा रंगवला असेल, तर मेटॅलिक रंगातले चमकीचे कण वेगळ्या दिशेने बसतात आणि सावलीत जुळणारी छटा उन्हात वेगळी दिसते.

डोळे पिवळे का पडतात?

गाडीचं वय सगळ्यात लवकर कळतं ते हेडलाइटमधून. अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या लाइटवर काच असायची. काच फुटायची, पण पिवळी पडत नव्हती. नंतर हलकं, हव्या त्या आकारात वळणारं पॉलिकार्बोनेट आलं. त्यावरचा संरक्षक थर उन्हाने झिजला की लाइट पिवळट आणि धुरकट होतो. बफिंग केल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण तो थर निघून गेलेला असल्यामुळे पिवळेपणा परत येतो.

पण समजा लाइट अगदी स्वच्छ आहे. तरीही वय कळतं, कारण लाइटचा आकारच बदललाय. जुन्या हॅलोजन बल्बला मागे वाटीसारखा मोठा परावर्तक लागायचा, म्हणून "डोळे" मोठे असायचे. एलईडी एवढासा असतो, त्यामुळे लाइटची नुसती रेघसुद्धा काढता येते. युरोपने फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेल्सना दिवसा पेटणारे लाइट सक्तीचे केले आणि या रेघेला आणखी जोर मिळाला.

आपल्याकडचं सोपं उदाहरण म्हणजे क्रेटा. २०१५ ची क्रेटा बघा, लाइट नेहमीच्या जागी, एकसंध. २०२० मध्ये त्याचे दोन भाग झाले. २०२४ मध्ये या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत प्रकाशाची पट्टी आली आणि मुख्य लाइट खाली बंपरमध्ये गेले. नाव एकच, पण तीन चेहरे. २०१५ ची क्रेटा कितीही जपा, तिचा चेहरा २०१५ चाच राहणार.

डिकी कापली कुणी? बजेटने!

गाडीचा आकार फक्त डिझायनर ठरवतो असं आपल्याला वाटतं. भारतात अर्थमंत्र्यांचाही त्यात हात आहे.

२००६ च्या बजेटमध्ये पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी कुठली? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत.

२००८ मध्ये आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. म्हणजे सवलतीच्या बाहेर. २०१२ ची डिझायर आली ती थेट ३९९५ मिलिमीटरची! डिकी आखूड झाली, गाडी मागून कापल्यासारखी दिसायला लागली आणि तेच रूप आपल्या डोळ्यांत बसलं. पुढे कॉम्पॅक्ट एसयूव्ही आल्या, त्यांची उभट नाकं आणि आखूड पाठ यामागेही हीच चार मीटरची रेघ आहे.

२०२५ च्या जीएसटी बदलातही ही रेघ कायम आहे. आत बसलात तर १८ टक्के, बाहेर गेलात तर ४० टक्के. म्हणजे येणाऱ्या गाड्यांचा आकारही हीच रेघ ठरवणार.

नाक उंच, खांब जाड, काचा लहान

नव्वदच्या दशकातली झेन किंवा एस्टीम आठवा. बॉनेट खाली उतरतं, खांब बारीक, काचा मोठ्या. आत बसलं की चारी बाजू दिसायच्या. आजची गाडी त्यापुढे फुगलेली वाटते.

यात फॅशनचा भाग आहेच, कारण लोकांना एसयूव्हीसारखं उंच काहीतरी हवंय. पण नियमांचाही भाग आहे. गाडी पादचाऱ्याला धडकली तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं. बॉनेटचा पत्रा आणि खालचं कडक इंजिन यांच्यात जागा असेल, तर पत्रा दबतो आणि मार थोडा कमी बसतो. भारतात पादचारी सुरक्षेचा हा निकष २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला.

समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेल्सना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली. छताचा भार पेलणारे खांब जाड झाले, दरवाजे भरभक्कम झाले, काचांची रेघ वर सरकली. याची किंमतही आहे. जाड खांबाआड वळणावरचा दुचाकीस्वार लपू शकतो, म्हणून नव्या गाडीत कॅमेरे आणि सेन्सर वाढत चाललेत.

मग नवी दिसते ती सुरक्षित, असं समजायचं का?

नाही. खरी मेख इथेच आहे.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्यांच्या विना एअरबॅग आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य स्टार मिळाले. त्यात आपल्या चाकणमध्ये बनणारी फोक्सवॅगन पोलोही होती. मग दोन एअरबॅग असलेली पोलो तपासली, तिला चार स्टार मिळाले.

एकच मॉडेल, एकाच चाचणीत शून्य आणि चार. बाहेरून बघून हा फरक कुणाला कळला असता?

पॉलिशने रंग उजळतो, बफिंगने लाइट उजळतो, सीट कव्हरने आतला भाग नवा वाटतो. एअरबॅग मात्र पॉलिशने येत नाही.

सेकंड हँड घेताय? चमक नको, तारीख बघा

आरसी बुकवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. नोंदणीची तारीख वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बघा आणि पुढच्या तारखांशी ताडून पाहा.

• एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं झालं.
• जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले.
• एप्रिल २०२० पासून फक्त बीएस ६ गाड्यांची विक्री सुरू झाली.
• जानेवारी २०२२ पासून जुन्या मॉडेल्समध्येही पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सक्तीची झाली.

याआधीच्या गाडीत या गोष्टी नसतीलच असं नाही, महागड्या व्हेरियंटमध्ये असायच्या. पण गृहीत धरू नका, तपासा.

आता नंबरप्लेटवरूनही अंदाज बांधू नका. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी कारखान्यातून येणाऱ्या गाडीसोबतच मिळते, पण महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. त्यामुळे २०१० च्या गाडीवरही नवीकोरी पाटी दिसेल.

दोन सोप्या युक्त्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला छोटा छाप बघा. बाकी काचांपेक्षा एकीचाच छाप वेगळा असेल, तर ती कधीतरी बदललेली आहे. का बदलली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा काचेसारखा स्वच्छ असेल तरी हाच प्रश्न विचारा.

आणि ती २०१३ वाली?

ती जुनी दिसते यात तिच्या मालकाचा काहीच दोष नाही. तिचा चेहरा तिच्या काळातल्या दिव्यांनी, करांनी आणि नियमांनी घडवला, तो फडक्याने बदलणार नाही. लोक काय म्हणतील म्हणून तिला बाहेरून एलईडीच्या पट्ट्या चिकटवण्यात पैसे घालू नका. तेच पैसे टायर, ब्रेक आणि सीटबेल्टवर घाला.

आणि ती विकायची वेळ आली, तर समोरच्याला आरसी आधी दाखवा, चमक नंतर.