प्रोग्रॅमरचा कॉम्प्युटर गेमरच्या मापाचा कशाला?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, नाहीतर तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरच्या दुकानात जा. ‘प्रोग्रॅमिंगसाठी पीसी असेंबल करून हवाय’ असं सांगा. बहुतेक वेळा समोर येईल तो गेम खेळायचा पीसी. काचेचं कॅबिनेट, आत रंग बदलणारे पंखे आणि मधोमध नवरदेवासारखं मिरवणारं ग्राफिक कार्ड.

मी पोटासाठी कोड लिहिते. त्यामुळे नात्यातली, ओळखीतली मुलं दुकानातून मिळालेल्या कोटेशनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि खाली लिहितात, ‘ताई, जरा बघ ना.’ मी बघते. ऐंशी हजारांचं कोटेशन, त्यातले पस्तीस हजार एकट्या ग्राफिक कार्डाचे. रॅमची ८ जीबीची एकच स्टिक. एसएमपीएसच्या रकान्यात कंपनीचं नावच नाही, नुसतं ‘५०० वॅट’. आणि मुलगा शिकणार काय, तर जावा आणि वेब डेव्हलपमेंट. हे पैसे कुणाच्या तरी शैक्षणिक कर्जातले असतात, कुणाच्या आईच्या भिशीतले असतात. म्हणून मला याचा राग येतो.

हे होतं कारण मोजायची पट्टीच चुकीची आहे. यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू एकच गोष्ट मोजतात : अमुक गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम. गेमरसाठी ते बरोबरच आहे. पण कोड लिहिणाऱ्याला सेकंदाला साठ फ्रेम मिळाल्या काय आणि दोनशे मिळाल्या काय, एडिटरमधली अक्षरं तीच दिसतात. आपली पट्टी वेगळी. बदल सेव्ह केल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंत किती वेळ थांबावं लागतं? दिवसातून शंभर वेळा थांबावं लागत असेल, तर प्रत्येक वेळचे वीस सेकंद म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त. शिवाय त्या वीस सेकंदांत हात मोबाइलकडे जातो आणि डोक्यात जुळवलेलं सगळं विस्कटतं, ते वेगळंच.

ही पट्टी लावली की पैसे कुठे घालायचे ते आपोआप दिसतं. पहिले रॅममध्ये. एडिटर, वीस टॅब उघडलेला ब्राउझर, डेटाबेस, डॉकर, मोबाइलचा एम्युलेटर, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवू लागते आणि सगळं मशीन रखडतं. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायचा तर किमान १६ जीबी हवी आणि ३२ असलेली बरी, असं गूगलच सांगतं. तेव्हा सुरुवात १६ पासून करा, जमल्यास ३२, आणि मदरबोर्डवर पुढच्यासाठी जागा मोकळी ठेवा.

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की मायक्रॉनने त्या डिसेंबरमध्ये ‘क्रुशल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ‘रॅम महाग झाली, आठवरच भागव’ असं कुणी सांगेल. मी उलट सांगते. रॅम महाग झाली असेल तर कार्ड काढा आणि ते पैसे रॅममध्ये घाला.

दुसरे एसएसडीत. कोडचा प्रोजेक्ट म्हणजे हजारो बारक्या फायली. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला दर वेळी नव्या जागी पोचायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभरेक जागा. एसएसडी तेवढ्यात हजारो जागा वाचते. पण जाहिरातीतल्या ‘सेकंदाला ७००० एमबी’वर फार भाळू नका. तो आकडा एक मोठी फाईल सलग वाचण्याचा असतो, आपलं काम बारक्या फायलींचं.

तिसरे प्रोसेसरमध्ये, पण हिशोबाने. जीन अ‍ॅमडालने १९६७ साली मांडलेला नियम साधा आहे. समजा, कामाचा दहा टक्के भाग असा आहे की तो वाटून करताच येत नाही. मग ८ कोर लावले तर काम ४.७ पट वेगाने होतं आणि १६ लावले तर ६.४ पट. कोर दुप्पट झाले, वेग मात्र एक-तृतीयांशानेच वाढला. शिकणाऱ्या मुलाला सहा-आठ चांगले कोर पुष्कळ झाले.

लिनस टॉरवाल्ड्सने मे २०२० मध्ये स्वतःसाठी ३२ कोरचा थ्रेडरिपर घेतला, कारण त्याला दिवसभर लिनक्सचं कर्नल पुन्हा पुन्हा बांधून बघावं लागतं आणि ते काम खरोखरच हजारो फायलींत वाटता येतं. त्याच मशीनमधलं ग्राफिक कार्ड मात्र २०१७ सालचं, मध्यम दर्जाचं होतं. आणि त्याला सगळ्यांत जास्त काळजी होती ती पंख्यांच्या आवाजाची. आपलं काम बघून माप घ्यायचं, ते असं.

मग ग्राफिक कार्ड कुणालाच नको का? हवं. गेम बनवणाऱ्याला हवं, थ्रीडी करणाऱ्याला हवं, घरच्या मशीनवर एआयची मॉडेलं चालवणाऱ्याला हवं. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत बसवलं तरी नुसते त्याचे आकडेच साडेतीन जीबी खातात, म्हणून तिथेही कार्डाच्या वेगाआधी त्याची मेमरी बघावी. बाकीच्यांना प्रोसेसरमधलं ग्राफिक पुरतं. फक्त कोटेशनवर एक अक्षर तपासा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक नसतं. तो थोडा स्वस्त पडतो, आणि मग कार्ड घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

‘त्यापेक्षा लॅपटॉप घे, लाईट गेली तरी चालतो’ हा सल्ला मी उडवून लावणार नाही. जी होस्टेल बदलत फिरणार आहे, तिने लॅपटॉपच घ्यावा. पण घरी बसून काम करणाऱ्याला ६०० व्हीएचा साधा यूपीएस काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता वेळ देतो. तो साधारण ३६० वॅट झेपवतो. कार्ड नसलेला पीसी आणि मॉनिटर त्यात आरामात बसतात, तगडं कार्ड घातलं की गणित बिघडतं.

आणि आज अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते. पहिल्या दिवशी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. डेस्कटॉप मात्र घरासारखा वाढवता येतो. एएमडीचा एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड २०१७ साली घेतलेल्या अनेकांना बायोस अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता आला. ज्याच्याकडे आज पैसे कमी आहेत, त्याच्यासाठी याहून मोठी सवलत नाही. आज रॅमची एक स्टिक, पहिल्या पगारातून दुसरी. पुढेमागे खरंच लागलं तर कार्ड.

दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही, तो मागणी असेल ते विकतो. बदलायची आहे ती आपली मागणी. कोटेशन हातात आलं की तीन प्रश्न विचारा. रॅमचे किती स्लॉट मोकळे राहतात? एसएमपीएस कुठल्या कंपनीचा आणि वॉरंटी किती वर्षांची? या सॉकेटवर पुढचा प्रोसेसर बसेल का? उत्तरं देणारा दुकानदार मिळाला तर त्याच्याकडूनच घ्या, हजार रुपये जास्त गेले तरी. रंगीत पंख्यांचे वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरवर आणि पाठीला धरणाऱ्या खुर्चीवर घाला. रोजचे आठ तास त्यांच्याशीच गाठ आहे.