धवलारणीचा मान कोणीं राखावयाचा?

घणसोली, करावे, दिवाळे येथील बंधुभगिनींनो, रागावूं नका. आज आम्ही भटशाहीवर नव्हे, आपल्याच घरावर कोरडा ओढणार आहों.

सन १८७३ मध्यें जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज काढला व त्याच डिसेंबरांत भटाविना लग्न लावून दाखविलें. पण आम्हां आगऱ्यांच्या मांडवांत धवले गाऊन लग्नविधि चालविणारी धवलारीण पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे! तिच्यापाशीं पोथी नाहीं, संस्कृत नाहीं. हळदीचा धवला, मांडवाचा धवला, सारे तिला तोंडपाठ. त्यांत देवाला बोलावणें आहे, नवरानवरीची थट्टा आहे, लेक सासरीं निघतांना आईचें तुटणारें आतडें आहे. मिठागरांत जिचे पाय चिरले, भातलावणींत जिची कंबर मोडली, त्या बाईनें आपली माया व आपली हौस चारचौघांत बोलून दाखविली ती ह्या गाण्यांत.

आणि आज? हळदीला डीजे! त्यावर आगरी-कोळी म्हणून वाजणाऱ्या कित्येक गाण्यांत बाई म्हणजे नुसता मुरका. डीजेला हजारों रुपये, भटजीला दक्षिणा. धवलारणीला लुगडें देतांना मात्र आमचा हात आंखडतो!

दोष आम्हां मास्तरांचाही आहे. ट्रेनिंग कॉलेजांत शुद्ध भाषा शिकून आलों आणि पोरांच्या तोंडची आगरी बोली ‘गांवढळ’ म्हणून खोडीत बसलों. तेराव्या शतकांतील महदंबेचे ‘धवळे’ आद्य स्त्रीकाव्य म्हणून थोर ठरतात, मग आमच्या आजीचा धवला अडाणी कसा? उत्तर द्या!

सन १९७० मध्यें सिडको आली. ९५ गांवांच्या जमिनींवर शहर उठलें. सन १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटलांच्या लढ्यांत पांच शेतकऱ्यांनीं प्राण दिले, तेव्हां साडेबारा टक्क्यांचा हक्क पदरीं पडला. जमीन तरी सरकारनें घेतली. गाणें कोणीं घेतलें? त्याला ना नोटीस आली, ना मोबदला. तें आम्हीं आपण होऊन टाकलें.

यास्तव सांगणें इतकेंच. खिशांतला मोबाईल काढा, धवलारणीपुढें बसा, तिचे धवले तिच्या नांवासह उतरून घ्या. भटजीला द्याल त्याहून एक रुपया तिला अधिक द्या. आणि तिच्या हाताखालीं गांवची एक तरी पोर बसवा. म्हातारी गेल्यावर मांडवांत रडून काय उपयोग?