चिखलीच्या मोहरा

समुद्रकांठच्या लोकांस एक गोष्ट ठाऊक असते. पावसाळ्यांत खवळलेल्या लाटा किनाऱ्यावरील वाळू ओढून नेतात, आणि पावसाळा सरल्यावर समुद्र ती हळूहळू परत आणून टाकतो. वाळू ओसरली म्हणजे तिच्याखालीं दबलेले जड पदार्थ उघडे पडतात. विलायतेंत व अमेरिकेंत धातुशोधक यंत्र हातीं घेऊन वादळानंतर किनारा धुंडाळणाऱ्या हौशी माणसांचा एक वर्गच आहे. त्यांना जुनीं नाणीं, आंगठ्या, क्वचित् बुडालेल्या गलबतांतील द्रव्यहि सांपडतें.

आमच्या पिंपरी, चिंचवड व चाकण या टापूस समुद्र नाहीं. तो घाटाखालीं राहिला. परंतु भूमीची उलथापालथ येथेंहि चालूच आहे. 1954 सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना झाली. त्या काळापासून कारखान्यांचे व घरांचे पाये येथें सारखे खणले जात आहेत. लाट जें काम वाळूवर करते, तें येथें जेसीबी यंत्र मातीवर करीत असतें. आणि मातीच्या पोटांतहि कांहीं असतें, हें 2021 सालीं सर्वांस कळून आलें.

त्या सालीं चिखली येथें खोदाईंत सोन्याचीं नाणीं सांपडलीं. ही गोष्ट सरकारास कळविली गेली नाहीं. पुढें पोलिसांस सुगावा लागला व 216 नाणीं आणि कांस्यपात्राचा एक तुकडा त्यांनीं हस्तगत केला. नाण्यांचें वजन 2,357 ग्रॅम भरलें; म्हणजे दर नाण्यास अकरा ग्रॅमहून किंचित् कमी. मोंगली मोहरेचें वजन तें हेंच. त्यांचा काल 1720 ते 1750 असा ठरविण्यांत आला.

त्या काळीं दिल्लीच्या तख्तावर बहुतेक वर्षें महंमदशहा होता, व येथें थोरले बाजीराव आणि त्यांच्या मागून नानासाहेब पेशवेपदावर होते. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा 1719 मध्यें दिल्लीहून आल्या होत्या, आणि मराठी मुलुखांतील टांकसाळींतहि बादशहाच्या नांवाचें नाणें पडत असे. तेव्हां अशा मोहरा चिखलीस निघाव्या यांत नवल नाहीं. प्रश्न असा कीं, त्या कोणाच्या? उत्तरेच्या मोहिमेवरून परतलेल्या शिलेदाराच्या, कीं एखाद्या सावकाराच्या? पात्र किती खोल होतें, शेजारीं घराचा पाया होता कीं मोकळें शेत, भोंवतीं कोणत्या विटा व खापऱ्या होत्या, यांवरून जाणत्यांस बरेंच सांगतां आलें असतें. नाणीं हातीं आलीं. तो पुरावा मात्र मातीबरोबर गेला.

आमच्या ओळखीच्या एका घरीं जुना वाडा पाडण्याचें घाटत आहे. परवां धाकट्या चिरंजीवांनीं आम्हांस विचारलें, “मास्तर, भिंतींत कांहीं निघालें तर तें आमचेंच ना?” आजोबा म्हणाले, “अरे, आधीं निघूं तर दे!” सगळे हंसले. पण प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत निधीचा विचार केलेला आहे. विद्वान् ब्राह्मणास निधि सांपडला तर त्यानें तो सर्व घ्यावा, असें तेथें म्हटलें आहे! आजचा कायदा ही सवलत ठेवीत नाहीं, आणि तें योग्यच झालें. मात्र स्मृतीचा दुसरा नियम अजून जिवंत आहे: न कळवितां ठेवलेला निधि उघडकीस आला तर तो काढून घ्यावा व दंडहि करावा.

1878 चा निखात निधीचा कायदा हेंच सांगतो. जमिनींत, किंवा जमिनीशीं जखडलेल्या वस्तूंत, अर्थात् वाड्याच्या भिंतींतहि, दहा रुपयांवर किंमतीचें द्रव्य सांपडलें तर तें काय, कोठें व केव्हां सांपडलें हें जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें लागतें. तें शंभर वर्षांच्या आंत पुरलेलें दिसल्यास हक्कदारास दिवाणी न्यायालयांत आपला हक्क सिद्ध करण्यास अवधि मिळतो. निधि बेवारशी ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सांपडविणाऱ्याचे व चौथा जागेच्या मालकाचा. सरकारास तो हवा असल्यास द्रव्याची किंमत व वर तिचा पांचवा हिस्सा देऊन सरकार तो घेऊं शकतें. लपविणाऱ्याचा हिस्सा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात.

म्हणजे कुदळ मारणाऱ्या गड्यास तीन हिस्से आणि वाड्याच्या धन्यास नुसती चौथाई! हें ऐकतांच चिरंजीवांचा चेहरा उतरला. परंतु याच नियमांत आम्हांस कायद्याचें शहाणपण दिसतें. ज्याच्या हातीं प्रथम वस्तु लागते, तो बहुधा गरीब असतो. खरें बोलण्यांत आपलाहि लाभ आहे हें त्यास ठाऊक नसेल, तर भीतीनें तो लपवील, आणि लपविल्यानें सर्वस्व गमावील. तें त्यास कोणीं सांगावयाचें? ज्यांच्या घरीं शिक्षण आहे, त्यांनीं.

म्हणून ज्यांचें घरकाम निघालें असेल, त्यांनीं पहिल्याच दिवशीं गडीमाणसांस हा कायदा मराठींत समजावून सांगावा. कांहीं निघाल्यास खोदाई थांबवावी, वस्तु जागची हलवूं नये, नाणें घासूनपुसून लखलखीत करूं नये, व तहसीलदारांस वर्दी द्यावी. गुप्तधन दाखवितों म्हणणाऱ्या मांत्रिकास दारांत उभें करूं नये. अशा अघोरी प्रकारांस 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे.

आजोबांनीं वाड्याचें काम घेणाऱ्या गवंड्यास दुसऱ्याच दिवशीं बोलावून घेतलें. चिरंजीवांनीं कायदा वाचून दाखविला. तीन हिश्श्यांचें वाक्य गवंड्यानें दोनदां वाचावयास लाविलें.