मिरचीचा शेंडा खुडताना

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अम्मीची पेटी उघडली, तेव्हा कपड्यांच्या तळाशी एका जुन्या ओढणीच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवलेले मिरचीचे बी सापडले. चिपळूणजवळच्या आमच्या गावातल्या परड्यातली ही मिरची. बोटभरही लांब नाही, पण सुक्या जवळ्यात दोन टाकल्या तरी शेजारच्या घरी कळायचे. अम्मीच्या इंतकालाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. गावचे घर विकले गेले आणि परड्यात नव्या मालकाने फरशी घातली. म्हणजे त्या मिरचीचे आमच्याकडे जे काही उरले होते, ते त्या गाठीत होते.

मोजल्या तर वीस बिया. मिरचीचे बी कोरड्या जागी ठेवले तर दोन-तीन वर्षे चांगले उगवते. हे त्याहून जुने होते. रात्रभर पाण्यात भिजवून जूनमध्ये पनवेलच्या आमच्या गॅलरीत पेरले. ताजे बी आठ-दहा दिवसांत वर येते, याला पंधरा लागले आणि रोपे आली फक्त चार. त्यातले एक माझ्या मायेनेच मेले. सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते, ते बुंध्याशी कुजून आडवे झाले. मिरचीची कोवळी रोपे तहानेने जितकी मरत नाहीत तितकी पाण्याने मरतात. मातीत बोटाचे एक पेर खुपसावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे, हे मी त्या दिवशी शिकले.

उरलेली तीन रोपे चार-पाच इंचांची झाल्यावर बारा इंची कुंड्यांत लावली. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट. ऑगस्टच्या सुरुवातीला ती वीतभर उंच झाली. त्याच आठवड्यात आपा राहायला आली. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेली आणि मी बघेपर्यंत तिने एका रोपाचा शेंडा नखाने टचकन खुडला.

माझ्या काळजात चर्र झाले. “आपा, अम्मीच्या हातचं शेवटचं बी आहे ते!”

“म्हणून तर खुडते,” ती म्हणाली. “शेळीचं विसरलीस?”

मी खरेच विसरले होते. एका पावसाळ्यात आमची शेळी परड्यात शिरली आणि मिरचीच्या एका सऱ्यातल्या सगळ्या रोपांचे शेंडे खाऊन गेली. अम्मीने शेळीला खूप शिव्या घातल्या. पण दीड-दोन महिन्यांनी त्याच सऱ्यातली झाडे सर्वांत डेरेदार झाली. पुढच्या वर्षापासून अम्मी स्वतःच शेंडे खुडू लागली. आपा मोठी, तिला सारे आठवत होते. मी मात्र तिच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही आणि बाकीच्या दोन रोपांना हात लावू दिला नाही.

शेळीने नकळत जे केले त्याचे कारण असे. रोपाच्या शेंड्यात एक द्रव्य तयार होते. ते खाली उतरत राहते आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा आहे तोवर रोपाचे सारे बळ उंचीकडे जाते. तो काढला की बगलेतले डोळे मोकळे होतात आणि एका खोडाच्या जागी तीन-चार फांद्या येतात. मिरचीला फूल फांदी फुटते तिथे, बेचक्यात येते. म्हणून जितकी बेचकी, तितकी मिरची.

खुडायचे कसे? रोप वीतभर उंच झाले आणि सहा ते आठ खरी पाने आली की वेळ झाली. पहिली दोन गुळगुळीत पाने मोजू नयेत. एका पानाच्या जोडाच्या जरा वर, टोकाचा एखादा इंच स्वच्छ नखाने किंवा कात्रीने काढावा. सकाळची वेळ बरी, म्हणजे दिवसभरात जखम सुकते. त्या दिवशी पानांवर पाणी शिंपडू नये. आठ-दहा दिवसांत बगलफूट दिसू लागली की मूठभर गांडूळखत द्यावे. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर त्याने साबणाने हात धुतल्याशिवाय मिरचीला शिवू नये. तंबाखूतला मोझॅक रोगाचा विषाणू हातावाटे मिरचीला लागतो.

कधी खुडू नये, हेही सांगते. रोप नुकतेच कुंडीत लावले असेल, मलूल असेल किंवा पाने आक्रसली असतील तर थांबावे. झाड आधीच फुटून फुलावर आले असेल तर शेंड्याला हात लावू नये, मिळणारी मिरचीही लांबते. काही बुटकी वाणे आपणहून पसरतात, त्यांना खुडायची गरज नसते.

आता आमच्या तीन रोपांचे काय झाले ते ऐका. न खुडलेल्या दोघांना आधी फुले आली, खुडलेले चांगले दोन आठवडे मागे राहिले. पहिली मिरची तोडली तेव्हा मी आपाला फोन करून टोमणाही मारला. “थांब जरा,” एवढेच ती म्हणाली.

सप्टेंबरात न खुडलेल्यांपैकी एकाची पाने आक्रसून वाटीसारखी झाली. हा बोकड्या, ज्याला चुरडा-मुरडा म्हणतात. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. सुरुवातीलाच लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे थेंब मिसळून पानांच्या खालून फवारले तर किडी आटोक्यात राहतात. मी उशीर केला होता. विषाणू भिनला की औषध नाही. शेजारच्या झाडांना लागू नये म्हणून ते रोप मी स्वतःच्या हाताने उपटले. याचा खुडण्याशी संबंध नाही, हा रोग कुठल्याही झाडाला होतो. दुसरे मात्र गुडघ्याच्या वर सरळसोट वाढून शेंड्याशी मिरच्यांनी जड झाले होते. परतीच्या पावसाच्या वाऱ्यात ते बेचक्यातच चिरले. आधाराला काठी द्यायला हवी होती.

उरले ते आपाने खुडलेले. बसके, चहूबाजूंनी फुटलेले. वाऱ्यात नुसते हलले आणि पुन्हा उभे राहिले. ऑक्टोबरपासून दर चार दिवसांनी वाटीभर मिरच्या निघत होत्या. हिरव्या तोडत राहिले की झाड नवी फुले धरते, झाडावरच पिकू दिल्या की फुलणे मंदावते.

पण मला बीही हवे होते. शेजारी लवंगी मिरचीची कुंडी होती आणि माश्या दोन्हींवर फिरत होत्या. असे झाले की बियांत भेसळ होते. म्हणून चार कळ्या उमलण्याआधीच मलमलच्या छोट्या पिशव्यांत बांधल्या. मिरची स्वतःच्याच परागाने धरते, रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारली की पुरे. फळ धरल्यावर पिशव्या काढून त्या चार मिरच्यांच्या देठाला लाल दोरा बांधला आणि घरात सर्वांना बजावले की या तोडायच्या नाहीत. त्या झाडावरच लालभडक पिकल्या, सावलीत वाळवल्या आणि बी निघाले.

त्या बियांच्या दोन पुड्या केल्या. एक पेटीत ठेवली, दुसरी घेऊन आपाकडे गेले. तिने पुडी उघडून वास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “या वेळी सगळ्यांचे शेंडे तूच खुड.”

यंदाची रोपे वीतभर झाली आहेत. उद्या सकाळी खुडणार आहे. हात अजूनही थोडा कचरतो.