बाप काय करतो?

दोस्तहो, सिस्टिम ॲनालिस्ट म्हणजे कुणी ब्रह्मदेव नव्हे. काम कसं चालतं ते बघायचं, माणसांना विचारायचं, कुठं अडतं ते शोधायचं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कळेल असं कागदावर मांडायचं. पण आपल्या वस्तीतली एमसीए झालेली पोरं या मुलाखतीला फाशीला निघाल्यागत जातात. टाय उसना, इंग्रजी उसनं. खाजगी कंपनीत राखीव जागा नाहीत. तिथं मुलाखत हेच दार. तेव्हा दारावर बसलेला माणूस काय बघतो ते समजून घ्या.

तो डेटा फ्लो डायग्रॅम विचारेल, एसक्यूएल विचारेल. ते आलंच पाहिजे, त्यात सवलत मागायची नाही. खरी गंमत पुढं आहे. मॅनेजर जाणता असेल तर एक अर्धवट गोष्ट टाकतो. गोदामातला माल आणि रजिस्टरातला आकडा जुळत नाही, काय कराल? आणि गप्प बसतो. पाठांतरवाला लगेच ठोकतो, नवीन सॉफ्टवेअर बसवू! गेला. मॅनेजरला हवे असतात प्रश्न. आकडा कोण लिहितो? माल उतरताना लिहितो की पाळी संपल्यावर? फाटलेलं पोतं कुठं धरतात? आकडा चुकला तर पगार कुणाचा कापतात? हे विचारणाऱ्याच्या हाताला कामाची नाडी लागते.

मी गोदीत माल उतरवतो, मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. पण हे मला कळतं, कारण आमच्या कंत्राटदाराकडं असाच एक ॲनालिस्ट आला होता. दोन दिवस साहेबाच्या केबिनीत एसी खाल्ला, चहा ढोसला, धक्क्यावर फिरकला नाही. मग कॉम्प्युटरवर रकाने दोनच, माल आला आणि माल गेला. भिजलेल्या मालाला रकानाच नाही! टोळीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं, बाबा, भिजलेली पोती सर्व्हे होईपर्यंत वेगळ्या थप्पीला राहतात. शेवटी आम्हीच भिंतीवर खडूनं हिशेब ठेवला. असल्या माणसाला निवडणाऱ्यानं त्याच्यात काय बघितलं असेल?

२००७ साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या मॅनेजरांशी बोलून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लेख लिहिला. मॅनेजर मेरिटचा जप करत होते आणि त्याच तोंडानं 'फॅमिली बॅकग्राऊंड' महत्त्वाची म्हणत होते. त्याच साली त्याच साप्ताहिकात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी दाखवलं की पात्रता सारखी असली तरी दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा कमी. म्हणजे काही पोरं टेबलापर्यंत पोचतच नाहीत, आणि पोचतात त्यांना विचारतात, वडील काय करतात?

च्यायला, बापाचा आणि एसक्यूएलचा संबंध काय? आणि असलाच तर उलटा आहे. हमालाच्या पोरानं खरा माल आणि कागदावरचा माल यांतला फरक रोज रात्री जेवताना ऐकलेला असतो. ते ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळतं?

आपली मागणी साधी आहे. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि गुण तिथल्या तिथं कागदावर. अशी बांधीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा माणूस नीट पारखते, हे भरतीचा अभ्यास करणाऱ्यांनी कधीच दाखवलंय. तरी साहेबलोकांना गप्पाच प्यार. गप्पांत गाव निघतं, आळी निघते, आडनाव निघतं.

आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हणतील तेव्हा मान हलवून उठू नका. विचारा, तुमच्या सिस्टिमवर रोज बसतं कोण? मागची सिस्टिम लोकांनी का वापरली नाही? पहिल्या सहा महिन्यांत मी काय करून दाखवायचं? बापाचं विचारलं तर खणखणीत सांगा, गोदीत हमाल आहे, आणि त्या गोदामाच्या हिशेबाचं पुढं बोलायला लागा.